वाटेत मोडलेली रॅकेट आणि घेणाऱ्याचे पैसे

नमस्कार श्रोतेहो.

वापरलेली बॅट, रॅकेट, सायकल, स्केट्स ऑनलाइन विकणं आता सोपं झालंय. फोटो टाकायचे, किंमत ठरवायची, पार्सल रवाना करायचं. खरी परीक्षा सुरू होते ती पार्सल पोहोचल्यावर, समोरून निरोप येतो तेव्हा: "खोका उघडला, फ्रेमला तडा दिसतोय." त्यावर विकणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "मी कुरिअरकडे तक्रार करतो. त्यांच्याकडून भरपाई आली की तुमचे पैसे देतो." हे उत्तर मला अजिबात पटत नाही, आणि आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

कुरिअर निवडलं कोणी? आपण. पावती कोणाच्या नावावर? आपल्या. खोक्यात वस्तू बांधली तीही आपणच. घेणाऱ्याने फक्त पैसे भरले आणि वाट पाहिली. कुरिअरशी आपलं भांडण महिनाभर चालेल, कदाचित ते दावा फेटाळूनही लावतील. त्या सगळ्याशी त्याचा काय संबंध? त्याचा रिफंड वेगळा आणि आपला दावा वेगळा. नुकसान खरं आहे याची खात्री पटली की आधी त्याचे पैसे मोकळे करावेत. "वस्तू जशी आहे तशी विकली" हे वाक्य जाहिरातीत असलं, तरी ते जुन्या ओरखड्यांपुरतं. वाटेत पडलेल्या तड्याला ते लागू होत नाही.

आता खात्री कशी पटवायची? जुन्या वस्तूंचा सगळा गुंता इथेच आहे. नव्या वस्तूवर ओरखडा दिसला तर वाद उरत नाही. वापरलेल्या बॅटच्या कडेवर मात्र चेंडूच्या खुणा आधीपासून असतात, टोकाशी बारीक चिरा असतात. घेणारा म्हणतो हे वाटेत झालं, विकणारा म्हणतो हे आधीचंच. दोघंही प्रामाणिक असू शकतात. म्हणून बांधण्याआधीचे फोटो हवेत, आणि तेही दोषांचे: प्रत्येक खुणेशेजारी मोजपट्टी ठेवून, उजेडात, जवळून. मग अर्धवट भरलेल्या खोक्याचा, शेवटी वजनकाट्यावर ठेवलेल्या, पत्ता लावलेल्या पार्सलचा. हेच फोटो घेणाऱ्याला आधी पाठवले तर पुढचे अर्धे वाद उद्भवतच नाहीत.

बांधण्याबद्दल सायकलीचं उदाहरण घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. मागचं चाक काढलं की ते जिथे बसतं तिथल्या दोन दांड्यांमध्ये मोकळी जागा राहते. वरून जड पार्सल पडलं की त्या दांड्या आत दबतात. ॲल्युमिनियम वाकतं, कार्बनला चीर जाते. पुढच्या चिमट्याचंही तेच. या जागेत घालायचे प्लॅस्टिकचे आधार नव्या सायकलींसोबत येतात आणि दुकानात नंतर ते पडून असतात. मागितले तर सहसा मिळतात. सुटी केलेली चाकं फ्रेमवर घासू नयेत म्हणून मध्ये जाड पुठ्ठा हवा, आणि एक्सलचं टोक खोक्याबाहेर येऊ नये म्हणून त्यावर टोपी. पेडल काढताना एक लक्षात ठेवा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उलट्या दिशेला जोर लावून आटे खराब झाले, तर ते नुकसान कुरिअरने केलेलं नसतं. खोका बंद करून हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर तो पुन्हा उघडा.

हे एवढं सांगते आहे, कारण दावा फेटाळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अपुरं पॅकिंग. आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतुकीला लागू होणाऱ्या 1999 च्या माँट्रिअल करारातही, दुसऱ्या कोणी केलेल्या सदोष पॅकिंगमुळे नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी नाही, असं स्पष्ट म्हटलंय. त्याच करारानुसार नुकसानीची तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत लेखी करावी लागते. भरपाईची मर्यादा वजनावर ठरते, आधी वेगळी किंमत जाहीर केली नसेल तर. हलकी, महागडी रॅकेट पाठवणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं: वजन कमी म्हणून भरपाईही कमी. इतर कुरिअरचे नियम वेगळे, मुदती कधी याहून कमी. पार्सल देण्याआधी ते वाचावेत, आणि वस्तू मौल्यवान असेल तर किंमत जाहीर करून विमा घ्यावा.

तक्रार आली की घेणाऱ्याला पहिली विनंती ही करा: खोका आणि आतलं सगळं सामान टाकू नका, फोटो काढा, बाहेरून खोका कुठे दबलाय तेही दाखवा. कुरिअरला तपासणी करायची असते आणि खोका नसेल तर दावा अडतो. वस्तू लगेच परत मागवू नका. दुसऱ्या प्रवासात आणखी मोडली तर पहिलं नुकसान कोणतं, हे कोणालाच सांगता येणार नाही.

रिफंड किती, हे नुकसानीवर ठरवावं. रॅकेटची तार तुटली असेल तर नव्या तारांचा खर्च दिला की बहुतेक लोक समाधानी असतात. पण फ्रेमला तडा असेल, तर पूर्ण पैसे परत. कार्बनचं हँडल किंवा चिमटा यावर तर मी तडजोड मुळीच करणार नाही. "थोडे पैसे परत घ्या आणि वापरा" असं म्हणणं धोक्याचं आहे, कारण कार्बन आतून सुटलेला असतो आणि वरच्या रंगावर जेमतेम केसाएवढी रेघ दिसते. हेल्मेट आदळलं असेल तर आतला फोम चेपलेला असू शकतो. तेही वापरातून बादच.

पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करा. "दुसऱ्या खात्यात पाठवा" अशी मागणी आली तर ठाम नकार द्या. नाहीतर तिकडे पैसे गेलेले असतात आणि मूळ व्यवहारही बँकेकडून उलटवून घेतला जातो. एकाच वस्तूचे दोनदा पैसे जातात.

आणि मोडलेल्या वस्तूचं काय? दावा मंजूर करताना कुरिअर किंवा विमा कंपनी ती मागू शकते, म्हणून निकाल लागेपर्यंत ती सांभाळून ठेवायला सांगा. त्यानंतर तडा गेलेला चिमटा करवतीने कापून टाकावा, म्हणजे तो कुणाच्या सायकलीला पुन्हा लागणार नाही.

धन्यवाद. नमस्कार.