सीलबंद टोमॅटो

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय युरोपातल्या म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरांबद्दल. 1960 ते 1990 या तीस वर्षांत ज्यांनी इंग्लंडातून माल भरला आणि इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, कधीकधी पार बगदाद-तेहरानपर्यंत नेऊन टाकला, ती माणसं. आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. यांच्याशी बोलायला बसलं की एक गंमत लक्षात येते. गाडी किती पळवली हे ही मंडळी फारसं सांगतच नाहीत. सांगतात ते गाडी कुठे उभी राहिली, किती दिवस उभी राहिली, आणि उभी असताना काय शिजवलं. पळण्याच्या आठवणी कमी, थांबण्याच्या जास्त. हे धरून ठेवा. थांबण्याच्या आठवणी.

आधी रस्ता डोळ्यांपुढे आणा. इंग्लंडच्या डोव्हर बंदरात गाडी बोटीवर चढवायची. पलीकडे फ्रान्समधलं कॅले किंवा बेल्जियममधलं ऑस्टेंड, झीब्रुगा. मग जर्मनी, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया. झाग्रेब ते बेलग्रेड हा पट्टा सगळ्यांच्या तोंडी असतो. नावाला महामार्ग, प्रत्यक्षात बराचसा दुपदरी. त्यावर ट्रक, आणि जर्मनीत कामाला असलेले तुर्की कामगार टपावर अख्खा संसार बांधून सुट्टीला गावी निघालेले. पुढे बल्गेरिया, मग तुर्कस्तानचा कापिकुले नाका, आणि मग इस्तंबूल. तिथे लोंद्रा कॅम्पिंग नावाचा तळ होता. अंघोळीला गरम पाणी आणि पुढच्या रस्त्याची खबर, दोन्ही तिथे मिळे. 30 ऑक्टोबर 1973 ला बॉस्फरसवरचा पूल सुरू झाला. त्याआधी आशियाच्या काठाला लागायचं तर ट्रक पुन्हा बोटीवर.

एवढ्या लांब रस्त्याने माल का न्यायचा, असं तुम्ही विचाराल. 1973 नंतर तेल महागलं, आखातात पैसा आला, बांधकामं निघाली आणि तिथली बंदरं तुंबली. जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकून बसलेली. मग ट्रक बरा. वाट मात्र त्याआधीच पाडली गेली होती. 1964 साली दोघा इंग्रजांनी गाय वॉरियर बनावटीच्या लॉरीत माल भरून थेट काबूल गाठलं होतं.

आता एकच तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण ती कळली नाही तर पुढची गोष्ट कळणार नाही. सील. मध्ये सहा देश लागतात, प्रत्येक देशाच्या कस्टमवाल्याने माल उतरवून मोजला तर गाडी वर्षाने पोहोचेल. म्हणून 1959 साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला, 1975 ला तो नव्याने लिहिला गेला. त्याचं नाव टीआयआर. ट्रकच्या पुढेमागे निळी पाटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ही तीन अक्षरं. माल भरला की ट्रेलरच्या ताडपत्रीला जी भोकं असतात त्यांतून एक अखंड दोरी चारी बाजूंनी ओवायची, टोकं मागे एकत्र आणायची आणि तिथे कस्टमचं सील. मधल्या देशांनी फक्त कागद बघायचा आणि सील बघायचं. आत बघायचं नाही. युरोपियन समुदायाच्या, म्हणजे आजच्या युरोपियन संघाच्या, आतल्या आत जाणाऱ्या मालाला वेगळा कागद असे, त्याला टी फॉर्म म्हणत. पण दोरी तीच, सील तेच, आणि सील तुटलं तर ड्रायव्हरच्या मागे लागणारं शुक्लकाष्ठही तेच. माल देशात चोरून विकलास, असाच त्याचा अर्थ धरला जाई. तेव्हा श्रोतेहो, सील तोडायचं नाही. काही झालं तरी सील तोडायचं नाही.

आता गोष्ट.

माझी धाकटी बहीण इंग्लंडात केंट परगण्यात राहते. तिच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, सगळी हयात लॉरीवर गेलेली. माझी भाचरं त्यांना लॉरीआजोबा म्हणतात, आपणही तेच म्हणू. मी तिकडे गेलो की संध्याकाळी कुंपणापाशी खुर्च्या टाकून आमची बैठक जमते. ही गोष्ट मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकली आहे आणि दर वेळी मुद्दाम सांगायला लावली आहे.

साल 1984, फेब्रुवारी. लॉरीआजोबांनी दक्षिण इटलीत माल भरला. काय भरलं? टोमॅटो. सोललेले, डबाबंद टोमॅटो. वीस टन. सतराशेच्या आसपास खोकी. भरणी झाल्यावर कारखान्यातल्या हमालांनी खूश होऊन एक खोकं वर दिलं. घरी न्या, बाईसाहेबांना द्या म्हणाले. केबिनमध्ये जागा कुठली? तिथे अंथरूण, कपडे, गॅसची शेगडी, पाण्याचा कॅन. म्हणून आजोबांनी ते खोकं मागच्या बाजूला, सगळ्यात वरच्या थरावर, ताडपत्रीला लागून सरकवून दिलं. उतरवताना हाताशी येईल या हिशोबाने. मग कस्टमवाला आला, दोरी ओवली गेली, सील बसलं. आजोबा निघाले.

मों ब्लां डोंगराखालच्या बोगद्यातून ते फ्रान्समध्ये उतरले. साडेअकरा किलोमीटरचा बोगदा आहे, 1965 सालचा. आणि उतरले ते थेट कोंडीत. झालं होतं असं, की इटलीच्या कस्टमवाल्यांनी काम धिम्या गतीने चालवलं होतं, फ्रेंच कस्टमवाल्यांचीही कुरबुर चालू होती. नाक्यावर दिवसच्या दिवस उभं राहून फ्रेंच ड्रायव्हरांचं डोकं फिरलं. त्यांनी गाड्या आडव्या लावल्या आणि रस्ताच बंद केला. आधी आल्प्सच्या त्या खोऱ्यात, मग बघता बघता फ्रान्सभर.

दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये बर्फ, आणि ट्रकमागे ट्रक. इंग्रज, डच, इटालियन, जर्मन, हंगेरीच्या सरकारी कंपनीचे हंगारोकामियॉन, बल्गेरियाचे सोमात. पहिल्या दोन दिवसांत जवळच्या दुकानांतला पाव संपला, चीज संपलं. आजोबांच्या खिशात इटलीचे लिरा उरलेले आणि फ्रँक संपलेले. डब्यात चहाची पूड, साखर आणि एक कांदा.

बाजूच्या गाडीचा ड्रायव्हर तुर्की होता. फ्रान्समध्ये कापड उतरवून रिकामा परत निघालेला. त्याच्या ट्रेलरच्या पोटाशी लाकडी पेटी होती, तिची झडप खाली पाडली की झाला ओटा. त्याने मोठं पातेलं काढलं. मसूर डाळ काढली. कांदे, सुका पुदिना, लाल मिरचीची भरड. भाषा म्हणाल तर मोडकंतोडकं जर्मन आणि बाकी हातवारे. त्याने बोटाने सगळ्यांना गोल करून दाखवलं, म्हणजे या, सगळे या. दहा-बारा जण जमले. कांदा परतला, डाळ शिजायला पडली, वास सुटला. आणि तेवढ्यात त्याने कपाळावर हात मारला. त्याच्याकडचा साल्चा संपला होता. साल्चा म्हणजे टोमॅटो आटवून केलेला घट्ट गोळा, तुर्की माणसाचं त्याच्याशिवाय पान हलत नाही.

इथे एक माझं मत सांगून ठेवतो. डाळीत टोमॅटो लागतोच असं नाही. आपल्या आमटीत आमसूल घालावं, चिमूटभर गूळ घालावा, टोमॅटोने आमटीचा नुसता रंग बिघडतो. हे मी याच माइकवरून मागेही बोललो होतो, त्यावर नाराजीची पत्रं आली, तरी माझं मत तेच आहे. असो.

तर तो म्हणाला, टोमॅटो. आणि एक इटालियन ड्रायव्हर हळूच वळला आणि आजोबांच्या ट्रेलरकडे बघायला लागला. मग दुसरा वळला. मग सगळेच. वीस टन टोमॅटो, श्रोतेहो! बाजूला उभे! आणि पातेल्यात घालायला एक नाही.

फ्रेंच ड्रायव्हर म्हणाला, काप दोरी. आजोबा म्हणाले, सील आहे. हंगेरियन म्हणाला, ताडपत्रीला खालून चीर देऊ, नंतर शिवू. आजोबा म्हणाले, ताडपत्रीला नवा टाका दिसला तर सील तुटल्यापेक्षा वाईट. मग त्यांना आठवलं. आपलं स्वतःचं खोकं! हमालांनी दिलेलं, कागदावर नसलेलं, हक्काचं. ते धावत मागे गेले. फाळक्याच्या वर, फळ्या संपतात तिथे त्यांनी ताडपत्रीवर हात दाबला. आतलं पुठ्ठं हाताला लागलं. खोक्याचा कोपरा फाटलेला, एका डब्याची गोल कडा सुद्धा बोटांना कळत होती. मध्ये फक्त ताडपत्री. डबा स्वतःचा, भूक स्वतःची, आणि सील सरकारचं.

सगळ्यांनी आळीपाळीने येऊन तो डबा ताडपत्रीवरून चाचपून पाहिला म्हणे. एका डच ड्रायव्हरने तर कडेवरून बोट फिरवून नमस्कार केल्यासारखं केलं. मग बिनटोमॅटोची डाळ सगळ्यांनी भांडी पुसून खाल्ली. आजोबा म्हणतात, इतकं चांगलं पुन्हा कधी खाल्लं नाही. मी म्हणालो, टोमॅटो नव्हता म्हणूनच. ते त्यांना पटत नाही.

कोंडी सुटली. पण गोष्ट संपली नाही. इंग्लंडात पोहोचल्यावर माल एका कस्टम गोदामात उतरवायचा होता. सील तपासलं, शाबूत. दोरी कापली. गोदामाचा कारकून खोकी मोजायला बसला. मोजून झाली. पुन्हा मोजली. मग त्याने कस्टमच्या साहेबाला बोलावलं. का? एक खोकं जास्त भरलं!

आजोबांच्या सगळ्या नोकरीत माल कमी भरल्याची भांडणं भरपूर झाली होती. त्याचे फॉर्म ठरलेले, दंड ठरलेला. जास्त कसा भरला? साहेबाने विचारलं, सील शाबूत असताना एक खोकं आत आलं कसं? आजोबांनी हमालांची गोष्ट सांगितली. साहेबाने विचारलं, तुम्ही मालात स्वतःची वस्तू ठेवून सील लावून घेतलंत? आता हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत. सगळी दुपार त्या एका खोक्याच्या कागदांत गेली. शेवटी साहेबाने ते खोकं जप्त केलं, तशी पावती दिली. ती पावती आजोबांनी जपून ठेवली आहे. मला दाखवली. एक खोकं, टोमॅटो, सोललेले.

घड्याळाकडे बघतोय, तर वेळ फार उरलेली नाही. सांगायचं बरंच होतं. 1981 संपता संपता ब्रिटनमध्ये ट्रकला टॅकोग्राफ सक्तीचा झाला, म्हणजे गाडी किती चालली, किती थांबली हे गोल कागदावर आपोआप उमटवणारं यंत्र. त्याला ड्रायव्हर केबिनमधला हेर म्हणत, ते राहिलं. पूर्व तुर्कस्तानात थंडीने डिझेल गोठलं की टाकीखाली तेलाच्या चिंध्या पेटवून ते पातळ करायचे, तेही राहिलं. रात्री शॉर्टवेव्हवर बातम्या ऐकत झोपायचे, त्यावर तर मी रेडिओचा माणूस म्हणून तासभर बोललो असतो. ते पुन्हा कधीतरी.

एक मात्र सांगायलाच हवं. 1984 ची ती कोंडी सरकारांना चांगलीच लागली. त्याच जुलैमध्ये फ्रान्स आणि जर्मनीने सारब्र्युकेन इथे करार केला, आपसातल्या सीमेवरची तपासणी कमी करायची म्हणून. पुढच्या वर्षी, 14 जून 1985 ला, लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी मोझेल नदीत एका बोटीवर पाच देशांनी तशाच करारावर सह्या केल्या. आज आपल्याकडची मंडळी युरोपच्या सहलीला निघताना शेंगेन व्हिसा, शेंगेन व्हिसा करतात ना, तोच हा शेंगेन. त्याच्या मुळाशी बरीच कारणं आहेत, पण रस्ता अडवून बसलेले ट्रकवाले हे त्यातलं एक नक्की. लॉरीआजोबांना हे मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

1 जानेवारी 1993 पासून युरोपियन समुदायातल्या अंतर्गत सीमांवर मालाची कस्टम तपासणी बंद झाली. नाके ओस पडले, त्यांवर पोट असलेले एजंट घरी बसले. आपल्याकडे 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके उठले, तेव्हा दहिसर-मुलुंडला झालं तेच. योगायोग असा, की भारत त्या टीआयआर करारात आला तोही 2017 मध्येच.

आणि इंग्लंडने मात्र युरोपियन संघातून बाहेर पडून 2021 पासून नाका पुन्हा उभा केला. त्याच्या आदल्या डिसेंबरात करोनामुळे फ्रान्सने सीमा बंद केली, तेव्हा केंटमध्ये हजारो ट्रक अडकले. नाताळ तोंडावर आलेला, ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेले. तेव्हा त्यांना गरम जेवण पोहोचवलं ते खालसा एड ही शिखांची मदतसंस्था आणि तिथल्या गुरुद्वाऱ्यातल्या शिखांनी. छोले वाटले. लॉरीआजोबांनी ती बातमी टीव्हीवर पाहिली आणि माझ्या बहिणीला कुंपणावरून हाक मारून विचारलं, तुमच्या त्या छोल्यांत टोमॅटो असतो का गं?

ती म्हणाली, असतो.

पुढच्या गुरुवारी याच वेळी भेटू. पत्रं पाठवा, आमटीबद्दल पाठवली तरी चालतील. नमस्कार.