गाय उठली, पुढे काय?

(पशुवैद्यकीय आंतरवासितांसमोर, म्हणजे इंटर्नसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

साडेचार वर्षांच्या परीक्षा संपल्या, आता वर्षभर इंटर्नशिप. कायम नोंदणीसाठी हे वर्ष लागतं, म्हणून ते काढायचं, अशी बऱ्याच जणांची धारणा असते. कुणी या वर्षात एमव्हीएस्सीच्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास उरकतं, कुणी एमपीएससीचा. त्यात वाईट काही नाही, घरची गरज असते. पण या वर्षात एक गोष्ट मिळते, जी पुढे तीस वर्षांच्या नोकरीत किंवा व्यवसायात सहसा मिळत नाही. आपण केलेल्या उपचाराचं पुढे काय झालं, हे बघण्याची सवड. आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

उद्या तुमच्यातले अनेकजण पशुधन विकास अधिकारी म्हणून एखाद्या श्रेणी-१ दवाखान्यात रुजू होतील. हाताखाली पंधरा-वीस गावं. सकाळी दवाखान्यात ओपीडी, दुपारी लसीकरण, मध्येच विम्याचे दाखले, संध्याकाळी कुणाची म्हैस अडलेली. तुम्ही गाय तपासता, औषध देता, गाडीला किक मारता. गाय बरी झाली तर शेतकरी फोन करत नाही. बरी नाही झाली तर तो फोन करतो, पण दुसऱ्या डॉक्टरला. म्हणजे दोन्हीकडून आपल्याला काही कळत नाही. अशी वीस वर्षं गेली की माणूस म्हणतो, 'माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.' वीस वर्षं औषध दिल्याचा अनुभव असतो, त्याचा परिणाम पाहिल्याचा असेलच असं नाही.

आपल्याकडे रुग्णालय आणि शिक्षण यांची जोडी जुनी आहे. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८० च्या दशकात उभं राहिलं आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आधी रुग्णालय, मग महाविद्यालय. हा क्रम मला फार योग्य वाटतो. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा झाला आणि इंटर्नशिप पूर्ण एक वर्षाची झाली, त्याआधी ती सहा महिन्यांची होती. अमेरिकेत रचना वेगळी आहे. तिथे पदवी आणि परवाना मिळाला की थेट व्यवसाय करता येतो, इंटर्नशिप ऐच्छिक असते. बोस्टनच्या एंजेल या प्राण्यांच्या रुग्णालयाने १९४० च्या दशकात ती सुरू केली, आणि आज तिथली मोठी रुग्णालयं नव्या डॉक्टरांना वर्षभर मेडिसिन, सर्जरी, इमर्जन्सी अशा सगळ्या विभागांतून फिरवतात. तिथले लोक कमी पैशात एक वर्ष जास्त राबायला तयार होतात, कारण मागे अनुभवी माणूस उभा असताना स्वतःच्या हाताने केस चालवायला मिळते. आपल्याला हे वर्ष नियमानेच मिळालं आहे.

आता एक केस घेऊ, सगळ्यांना पाठ असलेली. दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी हा ताप नव्हे, व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून गाय खाली बसते तो आजार.

संकरित गाय, चौथं वेत, काल रात्री व्याली. सकाळी उठत नाही. तुम्ही जाता तेव्हा ती छातीवर बसलेली असते, मान वळवून कुशीवर टेकवलेली. कान हातात घेतले तर गार. ताप नाही, उलट थर्मामीटर नेहमीपेक्षा खाली. नाक कोरडं, शेण पडलेलं नाही, हृदयाचे ठोके जलद पण मंद आवाजाचे. तुम्ही कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली कोमट करता, मानेच्या शिरेत सुई लावता आणि सावकाश सोडता. एक हात बाटलीवर, स्टेथोस्कोप छातीवर. ठोके अडखळायला लागले की थांबायचं. घाईघाईत बाटली सोडली तर गाय तुमच्या डोळ्यांसमोर मरू शकते, म्हणून स्टेथोस्कोप गळ्यात नको, कानात हवा. बाटली अर्धी होईपर्यंत अंगावर थरथर सुरू होते. नाकावर घामाचे थेंब येतात, गाय ढेकर देते, शेण टाकते आणि थोड्या वेळाने धडपडत उठून उभी राहते. घरची बाई हात जोडते. तुम्ही त्या गोठ्यातले देव असता.

इथे बहुतेकांची केस संपते. माझ्या दृष्टीने ती इथे सुरू होते.

कारण हिशोब बघा. गाईच्या सगळ्या रक्तद्रवात मिळून कॅल्शियम असतं तीन-चार ग्रॅम. दहा लिटर चिकात ते निघून जातं वीस ग्रॅमच्या वर. तुमच्या ४५० मिलिलीटरच्या बाटलीत आहे साधारण नऊ ग्रॅम. म्हणजे तुम्ही तिला बरं केलेलं नाही, तिचं शरीर हाडांतून आणि आतड्यांतून कॅल्शियम ओढायला लागेपर्यंतचा वेळ विकत घेतलाय. तो पुरला नाही तर ती पुन्हा बसते. साधारण चारांतली एक गाय एक-दोन दिवसांत परत खाली जाते. आणि तुम्ही निघून आल्यावर गोठ्यात काय झालं? गाय उठली या आनंदात मालकाने तिची कास पूर्ण पिळून काढली. पहिले एक-दोन दिवस वासराला लागेल तेवढंच काढा, हे सांगायचं राहून गेलं होतं.

दुसरी शक्यता आणखी वाईट. कॅल्शियम दिलं, बाकी लक्षणं गेली, गाय तरतरीत झाली, खाते, रवंथ करते, पण उठत नाही. तुम्ही आणखी एक बाटली देता. मग फॉस्फरस. मग टॉनिक. खरी गोष्ट ही असते की रात्रभर ती सिमेंटच्या कोब्यावर एकाच कुशीवर पडून होती. पाचशे किलोचं वजन मागच्या पायाच्या स्नायूंवर आणि नसेवर काही तास राहिलं की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि स्नायू मरायला लागतात. बाटलीने ते परत येत नाहीत. तिला हवी आहे जाड गव्हाच्या काडाची किंवा वाळूची गादी, दर तीन-चार तासांनी कूस बदलणारी माणसं आणि समोर पाणी. हे पुस्तकात एका परिच्छेदात असतं. पण दुसऱ्या दिवशी जाऊन त्या गाईच्या मांडीवर हात फिरवून स्नायू कडक लागतो की नाही हे ज्याने पाहिलं, तो पुढच्या खेपेला गोठ्यात पाऊल टाकल्या टाकल्या आधी विचारतो, 'कधीपासून बसलीय? आणि कशावर?' तुमचं शिक्षण या प्रश्नात आहे. औषधाचं नाव कुणीही सांगेल.

म्हणून पोस्टमॉर्टेमला जा. इंटर्न ते टाळतात, मला माहीत आहे. वास असतो, ऊन असतं, आणि आपण वाचवू न शकलेलं जनावर समोर उघडं पडलेलं बघणं जड जातं. पण आठवडाभर अपचन समजून पाचक चूर्ण दिलेल्या गाईच्या जाळीदार कोठ्यातून, म्हणजे पोटाच्या एका कप्प्यातून, वीतभर तार निघून हृदयाच्या आवरणात घुसलेली जेव्हा दिसते, भोवती पू साचलेला असतो, तेव्हा मागच्या आठवड्यातली प्रत्येक खूण उलगडते. मानेची शीर फुगलेली होती. छातीखालच्या पोळीला सूज होती. उतारावरून चालताना ती कण्हत होती. सगळं समोर होतं. एक अपवाद मात्र कधीही विसरू नका. जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येतंय, तर ते फाडायचं नाही. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असेल तर हवा लागताच त्याचे बीजाणू तयार होतात आणि ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या दूषित राहते. कानाच्या शिरेतल्या रक्ताची काचपट्टी करायची, ती प्रयोगशाळेत पाठवायची आणि निकाल येईपर्यंत त्या जनावराला कुणालाही हात लावू द्यायचा नाही.

आणि रेबीज. गाय आणतात, तोंडातून लाळेच्या तारा, चारा गिळत नाही, घोगऱ्या आवाजात सारखी हंबरते. मालक म्हणतो, 'म्याडम, घशात काहीतरी अडकलंय बघा.' अडकलेलं असूही शकतं, बोर असेल, आंब्याची कोय असेल. पण आधी विचारा, महिना-दोन महिन्यांत गावात कुत्रं पिसाळलं होतं का? उत्तर मिळेपर्यंत हात तोंडात जाणार नाही. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसाआधी प्रत्येकाचे प्रतिबंधक डोस झालेले हवेत, शून्य, सात आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. ते झालेले असले तरी प्रत्यक्ष संपर्क आल्यावर शून्य आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन घ्यावेच लागतात. या केसमध्ये पाठपुरावा जनावराचा नसतो, ते जाणारच असतं. तो माणसांचा असतो. गाईच्या तोंडात घरातल्या कुणी हात घातला, कुणी गूळ भरवला, खोड्यात, म्हणजे जनावर अडकवायच्या चौकटीत घालताना कुणाच्या हाताला खरचटलं, कच्चं दूध कोण प्यायलं, या सगळ्यांची नावं केसपेपरवर हवीत, आणि ती माणसं सरकारी दवाखान्यात पोचली का, हे दुसऱ्या दिवशी फोन करून विचारायचं. इंटर्नच्या कामांत याहून मोलाचं काम मला माहीत नाही.

लहान प्राण्यांच्या विभागात पाठपुरावा सोपा असतो, कारण पार्व्होचं, म्हणजे विषाणूमुळे उलट्या-जुलाब लागलेलं कुत्र्याचं पिल्लू सलाईनसाठी रोजच येतं. तिथे मालकाशी बोलायला शिका. पाच दिवसांचा खर्च पहिल्याच दिवशी सांगा, आणि पिल्लू जगेलच असा शब्द देऊ नका.

ओघात आलं म्हणून मुलींना एक सांगते. मोठ्या जनावरांचं काम बायकांना झेपत नाही, असं कुणी म्हटलं तर वाद घालत बसू नका, खोड्यापाशी जाऊन उभ्या राहा. अडलेलं वासरू ताकदीने ओढून निघत नाही. आधी ते आत ढकलावं लागतं, पाय सरळ करावा लागतो. शेळीच्या बाळंतपणात तर बारीक हाताचा डॉक्टर मिळणं हे शेळीचं नशीब.

आता माझ्या सहकाऱ्यांशी, म्हणजे या मागच्या रांगेशी थोडं बोलते. इंटर्नला आपण बिनपगारी मजुरासारखं वापरतो. केसपेपर लिही, कुत्रं धर, रक्त लॅबला नेऊन दे. ही कामं करावीच लागतात, आम्हीही केली. पण सकाळी धरलेल्या कुत्र्याच्या रक्ताचा रिपोर्ट काय आला, हे संध्याकाळी त्याला कुणी सांगत नाही. विभाग बदलायची तारीख आली की अर्धवट केस सोडून तो पुढे जातो. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक इंटर्नच्या नावावर केसेस लावा. त्या केसचा शेवट होईपर्यंत, जनावर बरं होवो की मरो, ती त्याचीच राहील, विभाग कुठलाही असो. आठवड्यातून एकदा तासभर बसून त्याने सांगायचं, काय वाटलं होतं, काय निघालं. आणि त्याचं पहिलं सिझेरियन असेल तेव्हा कुणीतरी हातमोजे घालून शेजारी उभं राहा, हात न लावता. रात्रपाळीला इंटर्नला एकटं सोडून 'काही लागलं तर फोन कर' म्हणणं हे प्रशिक्षण नव्हे. त्यात जनावराचे हाल आहेत आणि त्या पोराचेही.

परिणाम बघायचा म्हणजे किती दूरपर्यंत बघायचा, असा प्रश्न पडेल. डायक्लोफिनॅक आठवा. स्वस्त, वेदनेवर गुणकारी, लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी चालायला लागायचा. गोठ्यापर्यंतचा पाठपुरावा केला असता तरी औषध उत्तमच दिसलं असतं. पण औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडं काही वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ मध्ये कारण कळलं, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे, तेच वापरा. माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची बाटली कुणी मेडिकलमधून आणून पुढे केली तर ठामपणे नाही म्हणा. दुधाचंही तसंच. प्रतिजैविक दिलं की दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ते सांगा, केसपेपरवर लिहा, आणि ते घातलं तर नाही ना, हे विचारा.

शेवटी एका विद्यार्थ्याने विचारलं की, मॅडम, गडचिरोलीसारख्या ठिकाणी किंवा सह्याद्रीच्या घाटात पोस्टिंग मिळालं, दुसऱ्या दिवशी जाणं शक्यच नसलं, तर?

तर जाऊ नका, विचारा. केसपेपरवर मालकाचा नंबर घ्या, आणि घरात जनावराचं जी बघते तिचाही घ्या. बहुतेक घरांत धार तीच काढते, गाय रवंथ करते का हे नवऱ्यापेक्षा तिला नेमकं ठाऊक असतं. संध्याकाळी फोन केलात तर 'बरी आहे का?' असं विचारू नका, 'बरी हाय' असंच उत्तर येईल. विचारा, शेण कसं टाकलं, पाणी किती प्यायली, धार किती निघाली. फोन लागत नसेल तर दूध संकलन केंद्रावर जा, सकाळी सात ते नऊ सगळं गाव तिथे येतं. शेतकऱ्याकडे दुधाची पावती असते, तिच्यावर लिटर आणि फॅट दोन्ही छापलेलं असतं. उपचाराच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्याच्या पावत्या शेजारी शेजारी ठेवून बघा. एक-दोनच गाई असलेल्या घरात त्यावरून बरंच कळतं.