रात्री साडेनऊला लाईट जाणार होती

श्रोतेहो, नमस्कार.

इंटरनेटवर फसवणूक झाली तर कायदा आपल्या मदतीला येतो का, आणि येत असेल तर इतका उशिरा का येतो, यावर आज बोलायचं आहे. कलमं सांगेन, पण आधी आमच्या गुरुजींची गोष्ट. ग्राहकांच्या तक्रारी लिहून देता देता माझे केस पांढरे झाले, पण ही गोष्ट मी जाईन तिथे सांगते. गुरुजींची तशी परवानगीच आहे.

२०२२ चा पावसाळा. मला चौथीत गणित शिकवलेले गुरुजी, वय पंचाहत्तर. रात्री पावणेनऊला जेवून उठतात तोच मोबाईलवर मेसेज आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, अधिकाऱ्याला लगेच फोन करा. खाली दहा आकडी नंबर.

काकू उठल्या आणि तारेवरून पावती काढून घेऊन आल्या. ती तार तुम्हाला माहीत आहे. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेलं टोक आणि वर्षानुवर्षांची बिलं, रेशनच्या पावत्या टोचून ठेवलेल्या. "अहो, ही बघा, अकरा तारखेला भरलंय," काकू म्हणाल्या. श्रोतेहो, पावती गुरुजींच्या हातात होती! पण बाहेर धो धो पाऊस, घड्याळाचा काटा साडेनऊकडे सरकतोय, आणि फोनवरचा माणूस अदबीने 'सर, सर' करतोय. तो म्हणाला, "सर, तुम्ही भरलंय, मान्य. फक्त सिस्टीमला दिसत नाहीये. मी सांगतो ते ॲप घ्या आणि दहा रुपये भरा, लगेच अपडेट होईल."

दहा रुपये. गुरुजींनी ॲप घेतलं आणि दहा रुपये भरले. त्या ॲपमुळे गुरुजींच्या मोबाईलचा पडदा त्या माणसाला जसाच्या तसा दिसत होता. पासवर्ड दिसला, ओटीपी दिसला. पाठोपाठ तीन मेसेज आले. एकोणपन्नास हजार वजा. साडेएकोणपन्नास हजार वजा. पुन्हा साडेएकोणपन्नास हजार वजा. एक लाख अठ्ठेचाळीस हजार रुपये गेले. लाईट चालूच होती.

आता पुढची चाळीस मिनिटं नीट ऐका, कारण माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तिथेच आहे. गुरुजी खुर्चीत बसून राहिले. काकूंनी चारदा विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही, उद्या बँक उघडल्यावर बघू." ज्या माणसाने चाळीस वर्षं गावाला हिशेब शिकवला, त्याला स्वतःचा हिशेब चुकला हे बोलवेना. त्यांनी ते ॲप काढून टाकलं, तो मेसेजही पुसला. शेवटी काकूंनीच मोबाईल ओढून घेतला, वजा झालेले आकडे वाचले आणि शेजारच्या आयटीआयच्या पोराला हाक मारली. त्याने ऑनलाईन फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी हेल्पलाईन नंबर, एकोणीसशे तीस, लावला. एक, नऊ, तीन, शून्य. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला.

त्या फोनमुळे शेवटचे साडेएकोणपन्नास हजार दुसऱ्या बँकेत अडवले गेले. आधीच्या दोन रकमा तोवर एटीएममधून निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आमच्या पोलीस ठाण्यात गेले. सायबरचं काम जिल्ह्याला, असं सांगून त्यांना तिकडे पाठवलं. एसटीचे दोन तास. तिथे तक्रार लिहून घेतली आणि मग कळलं की चोरी चार राज्यांत वाटली गेली आहे. पैसे ज्या खात्यात गेले ते एका राज्यातल्या वीटभट्टीवरच्या मजुराचं. त्याने पासबुक आणि कार्ड दोन-तीन हजारांना कुणाला तरी देऊन टाकलेलं. सिम कार्ड दुसऱ्या राज्यातल्या एका बाईच्या नावावर, तिला त्याचा पत्ताच नाही. पैसे काढले तिसऱ्या राज्यात. आणि फसलेला माणूस आमच्या गावात. बँकेला पत्र, मोबाईल कंपनीला पत्र, तिकडच्या पोलिसांना पत्र. एटीएमच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागणारं पत्र पोचलं तोवर ते चित्रण पुसलं गेलं होतं.

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या साहाय्याने फसवलं तर त्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. परदेशात बसून भारतातल्या संगणकावर केलेला गुन्हाही त्यात येतो. पण तपास मात्र पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असं ७८ वं कलम सांगतं. एका ठाण्यात असे अधिकारी असतात किती? बंदोबस्त त्यांनीच बघायचा, सणवार त्यांनीच, आणि चार राज्यांतली पत्रंही त्यांनीच. मला विचाराल तर हवालदारांना शिकवून तपासाचे अधिकार दिले पाहिजेत. आज सायबरचं निम्मं काम ठाण्यातली तरुण पोरंपोरीच करतात.

प्रकरण देशाबाहेर गेलं की अडचण अजून वाढते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा सायबर दरोडा आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत ९४ कोटी गेले, आणि त्यातले बरेच २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले. पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली ती एप्रिल २०२३ मध्ये. तेही इथे पैसे काढणारे हात. सायबर गुन्ह्यांसाठी देशादेशांनी मिळून केलेला २००१ चा बुडापेस्ट करार आहे, भारत त्यात नाही. मग एकेका देशाला वेगळी विनंती पाठवायची आणि उत्तराची वाट बघायची.

ग्राहक कायद्याने मात्र एक फार चांगली गोष्ट केली. पूर्वी विकणारा जिथला, बहुधा तिथे जाऊन तक्रार करावी लागे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ऑनलाईन विकणाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा. पण नोटीस पाठवायला नाव-पत्ता लागतो. कालच उघडलेल्या आणि उद्या बंद होणाऱ्या साडीच्या दुकानाला नोटीस कुठे पाठवायची? म्हणून पैसे देण्याआधी त्या साईटवर पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे का ते बघा. नाव नाही, पत्ता नाही, तर पैसे नाहीत.

जाता जाता सांगते, कागदाची पावती बंद करायची जी टूम निघाली आहे ती मला मुळीच पटत नाही. काकूंच्या तारेवर १९९८ सालचं बिलसुद्धा सापडतं. मोबाईल बदलला की मोबाईलमधली पावती कुठे जाते? म्हाताऱ्या माणसांना हातात धरायला कागद द्या, एवढंच माझं मागणं आहे.

तर मुद्द्यावर येते. वीज अशी रात्रीत कापताच येत नाही. २००३ च्या वीज कायद्यातलं ५६ वं कलम सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडायची तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. पंधरा दिवस, आणि लेखी. हे गुरुजींना त्या रात्री माहीत असतं तर!

आणि पैसे गेलेच तर पहिला फोन एकोणीसशे तीसला, दुसरा आपल्या बँकेला. त्याच रात्री, त्याच मिनिटाला. बँक उघडण्याची वाट बघायची नाही. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे की आपल्याच हातून पासवर्ड, ओटीपी गेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि मेसेज पुसू नका. लाज वाटते म्हणून तो पुसला जातो, पण न्यायालयात पुरावा तोच असतो.

घरातल्या तरुण मुलांनाही एक हात जोडून सांगणं आहे. आई-वडील असं काही सांगायला आले तर "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मोबाईल वापरायला?" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्या वाक्याच्या भीतीनेच गुरुजी चाळीस मिनिटं गप्प बसले होते.

अडवलेले साडेएकोणपन्नास हजार न्यायालयाचा आदेश घेऊन सात महिन्यांनी परत आले. बाकीचे अठ्ठ्याण्णव हजार पाचशे आलेले नाहीत. गुरुजी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एसटीने जिल्ह्याला जातात, तपासाची चौकशी करतात आणि तिकीट त्याच तारेवर टोचून ठेवतात. मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. काकूंनी चहा ठेवला आणि तिकिटं मोजून दाखवली. एकतीस होती.

नमस्कार.