चारशे मीटर मागा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात मागच्या चाकाचं पंक्चर काढायला गेलो होतो. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता दुकानदार म्हणाला, "काका, आता माझ्याकडे दोनच प्रकारची गिऱ्हाइकं येतात. लाखाची सायकलवाले आणि वॉचमन." मी म्हटलं, "आणि शाळेची पोरं?" तर म्हणाला, "ती रिक्षात."

पुणे हे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे तुम्हीही ऐकलंय, मीही सांगत आलोय. सायकलचा पितळी बिल्ला, डबलसीट दिसलं की चाकातली हवा सोडणारा पोलीस, या आठवणी आज नकोत. त्या निघाल्या की वेळ संपतो आणि रस्ता तसाच राहतो. पंक्चरवाल्याचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. लाखाची सायकलवाला पहाटे पाचला निघतो आणि वर्दळ सुरू व्हायच्या आत घरी येतो. वॉचमनला दुसरा पर्यायच नाही. सायकल ट्रॅक खरं तर या दोघांसाठी नसतो. आज जी सायकलवर दिसत नाही, तिच्यासाठी असतो. क्लासला जाणारी आठवीतली मुलगी, भाजीची पिशवी हँडलला अडकवून यावं असं वाटणाऱ्या बाई, गुडघे धड आहेत पण धीर होत नाही असे निवृत्त आजोबा.

2026 च्या जानेवारीत एक योग जुळून आला. 15 तारखेला महापालिकेचं मतदान झालं, 2017 नंतर पहिल्यांदाच. 2022 च्या मार्चपासून तर शहराला नगरसेवकच नव्हते. आणि लगेच 19 तारखेला 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत सुरू झाली, सुमारे 437 किलोमीटरची. तिच्यासाठी रस्ते नव्यानं डांबरले गेले, खड्डे बुजले. म्हणजे तारीख ठरलेली असली आणि पाहुणे येणार असले की रस्ता गुळगुळीत होतो, हे सिद्ध झालं. शर्यत मीही रस्त्याकडेला उभं राहून पाहिली, टाळ्याही वाजवल्या. पण शर्यतवाल्यांना ट्रॅक लागत नाही, त्यांच्यासाठी अख्खा रस्ता बंद ठेवतात. त्या आठवीतल्या मुलीसाठी कोण रस्ता बंद ठेवणार?

आता निवडणुकीकडे येतो. सायकल ट्रॅक हवेत का, असं विचारल्यावर 'नाही' म्हणणारा उमेदवार मला आजवर भेटलेला नाही. प्रश्न निरुपयोगी आहे तो त्यामुळेच. 2017 च्या अखेरीस महापालिकेच्या मुख्य सभेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ट्रॅकचं जाळं आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं होतं. आराखडा वाईट नव्हता, मेहनतीनं केलेला होता. पण आठशे किलोमीटर ही कुणाचीच जबाबदारी नसते. चारशे मीटर मात्र कुणाची तरी असू शकते.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे, ती प्रभागाची. 41 प्रभाग आणि 165 नगरसेवक, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रभागात चार. पहिल्याकडे जावं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. चौघंही भेटले, तरी ट्रॅक प्रभागाची हद्द ओलांडून पुढे गेलेला असतो आणि "पुढचा भाग आमच्याकडे येत नाही" हे उत्तर तयार असतं. सायकलला हद्द कळत नाही हो, पण पेव्हर ब्लॉकला बरोबर कळते.

लंडनमध्ये 2014 च्या मे महिन्यात स्थानिक निवडणुका होत्या. तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेनं तेव्हा एक वेगळी गोष्ट केली. 'सायकलींना पाठिंबा द्या' असं नुसतं म्हणण्याऐवजी त्यांनी वॉर्डावॉर्डातल्या सायकल चालवणाऱ्यांना विचारलं, तुमच्या वॉर्डात एकच गोष्ट व्हायची असेल तर कोणती? सहाशेहून जास्त वॉर्ड, आणि प्रत्येकासाठी एकेक मागणी. कुठे या गल्लीतून गाड्यांची आरपार वाहतूक बंद करा, कुठे शाळेपर्यंतचा रस्ता सुरक्षित करा. उमेदवाराला त्याच्याच वॉर्डातल्या रस्त्याचं नाव घेऊन विचारलं. 'हो, हो, सायकल छानच' म्हणून निसटायला जागा उरली नाही. सगळं झालं असं मुळीच नाही. पण निवडून आलेल्या माणसाकडे पुन्हा जाताना हातात काहीतरी नेमकं होतं.

आपलं मतदान होऊन गेलंय, मग आता काय उपयोग, असं कुणी म्हणेल. उलट आहे. प्रचारात उमेदवाराकडे वेळ नसतो, आणि आत्ता त्याच्याकडे 'स' यादी असते. पुणेकरांना हा शब्द सांगायला नको. नगरसेवकानं सुचवलेली प्रभागातली कामं, म्हणजे बाकडी, कमानी, नामफलक, आणि चांगली फरशी काढून बसवलेली नवी फरशी, ही सगळी त्यातून येतात. त्यातच ट्रॅकचा एक तुकडा दुरुस्त व्हायला काय हरकत आहे? शिवाय 2006 पासून पुण्यात नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. काम छोटं असावं लागतं, आणि आपल्याला छोटंच हवंय.

छोटं म्हणजे काय, ते सांगतो. ट्रॅक गल्लीच्या तोंडाशी येतो आणि तिथे एक वितीची पायरी असते. चाक आपटतं, म्हणून माणूस तिथे खाली उतरतो आणि परत वर चढत नाही. त्या जागी उतार केला, किंवा ट्रॅक त्याच उंचीनं गल्ली ओलांडून नेला, तर काम झालं. दुसरी गोष्ट खांबांची. दुचाक्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी बोलार्ड लावतात. ते फार लांब लांब लावले की स्कूटर आत जाते, फार जवळ लावले की दुधाच्या किटल्यांची सायकल अडकते आणि चाकाची खुर्चीही. हे अंतर कागदावर ठरवण्यापेक्षा एक दूधवाला बोलावून ठरवावं. आणि तिसरं, वापरायचं काय? पेव्हर ब्लॉकवरून पाच मिनिटं सायकल चालवा, दात वाजतात. डांबर किंवा सपाट काँक्रीट बरं.

माझ्या घराजवळच्या ट्रॅकवर मधोमध एक डीपी, म्हणजे विजेची पेटी, आहे. तो आधी की ट्रॅक आधी, ते मला माहीत नाही आणि दोष कुणाला द्यायचाही नाही. त्या डीपीपासून शाळेच्या फाटकापर्यंतचं अंतर मी मोजलं: तीनशे ऐंशी मीटर. वाटेत सहा गल्ल्यांची तोंडं, दोन झाडं, एक चहाची टपरी. टपरी हलवू नका, सायकलवाल्याला चहा लागतोच. तिथे ट्रॅक दोन हात वळवता येतो. हे सगळं एका पानावर चितारलं, शाळेतल्या अकरा पालकांच्या सह्या घेतल्या आणि प्रभागातल्या चौघांनाही एकेक प्रत दिली.

दोघांचा काही निरोप नाही. एकानं "बघतो" म्हटलंय. चौथ्या बाईंनी फोन करून विचारलं, "तुमची ती पायरी नेमकी कितव्या गल्लीपाशी आहे?" तिसऱ्या, असं मी सांगितलं. शनिवारी सकाळी साडेसातला शाळा भरायच्या वेळी त्या येणार आहेत. मी मोजपट्टी घेऊन थांबणार आहे, आणि जमलं तर दूधवाल्यालाही थांबवून ठेवणार आहे.

नमस्कार.