खिडकी नसलेला मनोरा: लंडनचं ब्रॉडकास्टिंग हाउस

लंडनमधला पोर्टलंड प्लेस. रस्ता जिथे वळतो, तिथे त्याच्यासोबत ही पांढुरक्या पोर्टलंड दगडाची इमारतही वळते. हे ब्रॉडकास्टिंग हाउस, बीबीसीचं मुख्यालय. इथून प्रसारण सुरू झालं १९३२ साली. त्याआधीची सॅव्हॉय हिलची जागा केव्हाच अपुरी पडली होती.

वास्तुविशारद जॉर्ज व्हॅल मायर आणि बीबीसीचे स्थापत्य अभियंते मार्माड्यूक टड्सबरी यांच्यापुढचा पेच मोठा होता. स्टुडिओला बाहेरचा आवाज अजिबात नको, कचेऱ्यांना मात्र उजेड हवा, आणि जागा चिंचोळी. म्हणून कचेऱ्या बाहेरच्या कडेला गेल्या आणि २२ स्टुडिओ मधोमध, स्वतंत्र मनोऱ्यात. रस्त्यावरचा गोंगाट कचेऱ्यांच्या खोल्यांतच अडतो.

बाहेरच्या भागाला पोलादी सांगाडा आहे. मनोरा मात्र जाड विटांचा. पोलाद कंपनं सहज पुढे पोचवतं. एका मजल्यावर नगारा वाजला, तर तुळयांतून तो दुसऱ्या मजल्यावरच्या बातम्यांत ऐकू येईल. जड विटांच्या भिंतीत तीच कंपनं जिरतात. पण अशा मनोऱ्यात खिडकी नाही, त्यामुळे हवा यंत्रानं खेळवावी लागते. तिथेही धोका आहेच: हवेचा नळ नुसता पत्र्याचा असेल, तर पंख्याची घरघर आणि शेजारच्या स्टुडिओतलं बोलणं त्यातूनच आत येतं. त्यासाठी नळाला आतून आवाज शोषणारं अस्तर लावावं लागतं.

पूर्वेकडून पाहिलं, तर वरचे मजले उतरत मागे सरकलेले दिसतात. हे शोभेसाठी नाही. खिडकीतून सलग २० वर्षं उजेड येत असेल, तर इंग्लंडच्या कायद्यानं त्यावर घरमालकाचा हक्क ठरतो. लँगहॅम स्ट्रीटवरच्या शेजाऱ्यांचा हा हक्क राखायलाच हवा होता.

१५ ऑक्टोबर १९४०, दुसऱ्या महायुद्धाचा काळ. सातव्या मजल्याच्या खिडकीतून बॉम्ब आत घुसला आणि खाली संगीत ग्रंथालयात जाऊन पडला. तो लगेच फुटला नाही. रात्री नऊच्या बातम्या ब्रूस बेलफ्रेज वाचत असताना स्फोट झाला. श्रोत्यांना फक्त दबका धप्प आवाज ऐकू आला. बेलफ्रेज यांनी कागदावरची धूळ फुंकली आणि पुढची ओळ वाचली. त्या स्फोटात सात जणांचा जीव गेला.

एक आवाज मात्र विटांनाही पुरता रोखता आला नाही. तळातल्या सभागृहाखालून, म्हणजे आजच्या रेडिओ थिएटरखालून, बेकरलू मार्गाची भुयारी रेल्वे जाते. तिची घरघर सभागृहात जाणवते, कधीकधी ध्वनिमुद्रणातही उतरते.

पुढे मागच्या बाजूला नवी इमारत जोडली गेली आणि २०१३ मध्ये बातमी विभाग तिथे आला. १९३२ मध्ये भिंतींआड ठेवलेलं काम आता काचेपलीकडे चालतं: वृत्तनिवेदकाच्या पाठीमागे दिसतो तो चालता न्यूजरूम.