चालू मोडेमची पॉवर केबल ओढून बघा

नमस्कार मंडळी. 19 मे 1998 ला अमेरिकेतले बहुतेक पेजर एकाएकी मुके झाले. डॉक्टरांना हॉस्पिटलचे निरोप मिळेनात. गॅलक्सी-4 उपग्रहाचा तोल सांभाळणारा संगणक बंद पडला होता. त्याच्या जोडीला राखीव संगणक होता, पण तो आधीच बिघडला होता आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आपल्या रॅकमध्येही हेच घडतं. म्हणून आज व्हीसॅटची, म्हणजे छोट्या डिशवरून उपग्रहामार्फत चालणाऱ्या लिंकची, वन प्लस वन जोडणी: एक मोडेम कामावर, दुसरा राखीव, म्हणजे स्टँडबाय.

(दोन्ही मोडेम टेबलावर ठेवत) मॉडेल एकच, फर्मवेअर एकच, लायसन्सही सारखी. मधे रिडंडन्सी स्विच, एक बिघडला की काम दुसऱ्याकडे सोपवणारा. डिशकडून येणारा सिग्नल स्प्लिटरमधून दोघांना मिळतो, त्यामुळे स्टँडबायही लॉक होतो, म्हणजे सिग्नल पकडतो, हिरवा दिवा लागतो. पाठवताना मात्र एकच मोडेम बोलतो, दुसऱ्याचा कॅरियर, म्हणजे पाठवायचा सिग्नल, म्यूट. दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलायला लागले तर पलीकडे कुणाचंच कळणार नाही. फसगत होते ती इथे. त्या हिरव्या दिव्यावरून एवढंच कळतं, की स्टँडबायला ऐकू येतंय. त्याला बोलता येतं का, हे महिनोन्महिने कुणी बघितलेलं नसतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे आलेला सिग्नल वाढवून खाली मोडेमकडे पाठवणाऱ्या डबीला, वीज कुठून मिळते? बऱ्याच एल-बँड (डिश आणि मोडेममधल्या केबलवरची फ्रिक्वेन्सी) जोडण्यांत मोडेमकडूनच, त्याच केबलमधून, 13 किंवा 18 व्होल्ट. आणि बऱ्याच स्प्लिटरचं एकच तोंड डीसी पुढे जाऊ देतं. समजा, ते तोंड पहिल्या मोडेमला लावलंय आणि त्याचा पॉवर सप्लाय जळाला. स्विचने काम दुसऱ्याकडे सोपवलं, पण वर एलएनबीच बंद! दुसरा मोडेम ठणठणीत असून बहिरा. बीयूसीला (डिशवरून सिग्नल पाठवणाऱ्या डबीला) फ्रिक्वेन्सी अचूक ठेवायला लागणारा 10 मेगाहर्ट्झचा रेफरन्स मोडेमकडून जात असेल, तर तिथेही हीच अडचण. म्हणून एलएनबीला वेगळ्या सप्लायवरून वीज द्या, किंवा स्विच ती दोन्ही मोडेमकडून घेऊ शकतो का ते खरेदीआधी मॅन्युअलमध्ये वाचा.

दोन मोडेम दोन वेगळ्या यूपीएसवर हवेत. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दोघांना बसवू नका, प्लीज.

मग सेटिंग. रात्री दोनला लिंक उठवायची म्हणून आपण चालू मोडेमची ट्रान्समिट पॉवर बदलतो आणि झोपायला जातो. स्टँडबायवर जुनाच आकडा राहतो. बदल केला की तिथल्या तिथे दुसऱ्यावर चढवा.

मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, काही मिनिटं दोघांचंही लॉक जातं. अशा वेळी स्विचने इकडून तिकडे उड्या मारू नयेत. दोघांचं लॉक एकदम गेलं तर जागचं हलायचं नाही, असं त्याला सांगून ठेवा.

आणि चाचणी. महिन्यातून एकदा, हबला (लिंकच्या पलीकडच्या मुख्य केंद्राला) आधी कळवून, चालू मोडेमची पॉवर केबल सरळ ओढा. सॉफ्टवेअरच्या बटणाने बदललंत तर पहिला मोडेम जिवंतच राहतो, एलएनबीला वीज देत राहतो आणि दोष लपतो. घड्याळ लावा. पिंग (लिंक चालू आहे का ते बघणारा छोटा संदेश) किती सेकंदांनी परतला ते वहीत लिहा. मोडेमला लॉक आहे पण पिंग येत नाही, असं दिसलं तर राउटरचं एआरपी टेबल, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या पत्त्यांची यादी, बघा, जुन्या मोडेमचा पत्ता तिथे चिकटलेला असू शकतो.

सगळं सुरळीत झालं, की केबल परत लावा, पण काम लगेच पहिल्याकडे आणू नका. पुढच्या चाचणीपर्यंत दुसऱ्यालाच चालवू द्या.