गाळ रानात जाण्याआधी

[दृश्य: कसबा बावड्याचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, वरून]

जयंती नाल्याचं पाणी पंपानं उचलून इथं आणलं जातं. या केंद्राची क्षमता रोज ७६ दशलक्ष लिटर, दुधाळीच्या केंद्राची १७. पंचगंगेत पाणी कसं सोडतात, यावर कोल्हापुरात कायम बोललं जातं. मागं उरणाऱ्या गाळाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

[दृश्य: टाकीतले बुडबुडे]

पाण्यात हवा सोडली की जिवाणू घाण खाऊन वाढतात. हवा बंद केली की तेच खाली बसतात. गाळ म्हणजे बराचसा हाच साका. त्यात नत्र आहे, स्फुरद आहे, सेंद्रिय कर्ब आहे. उसावर ऊस घेऊन थकलेल्या रानाला आणखी काय हवं?

[दृश्य: गाळाचा ढीग, अगदी जवळून]

ही रोपं कुणी लावलेली नाहीत. टोमॅटोची आहेत. बी माणसाच्या पोटातून, गटारातून, टाकीतून इथवर आलं आणि रुजलं. बी टिकतं तशी जंतांची अंडीही टिकतात. म्हणून ओला गाळ थेट रानात टाकायचा नाही.

[दृश्य: ढीग पालटताना निघणारी वाफ]

पाचट मिसळून ढीग लावला की तो आतून तापतो. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात हे नेमकं लिहिलंय: ओळीत लावलेला ढीग किमान ५५ अंश सेल्सिअसवर १५ दिवस राहिला पाहिजे आणि तेवढ्यात ५ वेळा पालटला पाहिजे. बाहेरचा गार थर आत जाऊन तापावा, म्हणून पालटायचं. शेणखत कुजवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही.

धातू मात्र तापवून जात नाहीत. वर्कशॉपमधलं मुलाम्याचं पाणी गटारात आलं, तर निकेल आणि क्रोमियम गाळात बसतात. आपल्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा आहेत: किलोमागे निकेल ५० मिलिग्रॅम, शिसं १००, कॅडमियम ५. गाळाच्या खतालाही हेच माप काटेकोर लागलं पाहिजे.

[दृश्य: पावसाळ्यातली पंचगंगा]

उघड्यावर टाकलेला गाळ पावसात परत नदीत जातो. दूषित पाण्याची कावीळ याच नदीकाठच्या इचलकरंजीनं २०१२ मध्ये सोसली आहे.

[दृश्य: केंद्राच्या दारात ट्रॉली]

तपासणी शेतकऱ्याच्या गळ्यात मारू नका. ट्रॉली दाराबाहेर पडण्याआधी त्या ढिगाचा अहवाल सोबत द्या, मराठीत: किती दिवस तापला, जंतांची अंडी सापडली का, धातू किती.